‘कलेला जात नसते’ म्हणणाऱ्यांस

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. अंक घरात येतो त्या वेळी ताटात चकल्या असतात, दारात कंदील हलत असतो, आणि घरातली मंडळी आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रे आणि मग जमल्यास लेख, ह्या क्रमाने अंक चाळीत असतात. संपादकांनी मला "कोकणातले काहीतरी द्या" असे पत्र घातले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा आमच्या विहिरीवरचे एखादे भूत, नाही तर बरक्या फणसाची गंमत असावी. भुते आमच्याकडे पुष्कळ आहेत. ती पुढल्या वर्षी देईन. ह्या वर्षी मला भांडायचे आहे, आणि तेही एका वाक्याशी.

ते वाक्य असे : "कलेला जात नसते."

वाक्य मोठे देखणे आहे. सत्कारसमारंभात ते बोलले की टाळी पडते. वक्तृत्वस्पर्धेत मुले ते हात उंचावून म्हणतात. त्याला विरोध करणारा माणूस आपोआप कोत्या मनाचा ठरतो. म्हणूनच ते इतके सोयीचे आहे.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या दोन-तीन वाड्यांतल्या कलावंत मंडळींनी एक बेत केला. त्यांत नमन-खेळे करणारे कुणबी होते, गौरी-गणपतीत जाखडी नाचणारे होते, बौद्धवाडीतले भीमगीते गाणारे दोन गायक आणि त्यांचा ढोलकीवाला होता. ह्या सगळ्यांनी मिळून एक संस्था काढावी, तिची स्वतःची एक खोली असावी, तीत मृदंग-झांजा, झगे, मुखवटे नीट ठेवावेत, आठवड्यातून दोन संध्याकाळी पोरांना शिकवावे, आणि वर्षातून एकदा शहरात तिकीट लावून स्वतःचा खेळ करावा, एवढाच तो बेत. त्यांतल्या दोघांची मुले माझ्या वर्गात. त्यामुळे अर्ज लिहायला मला बोलावणे आले. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, चार कादंबऱ्या छापून झालेला शाळामास्तर अर्जाच्याच कामाचा, अशी गावाची समजूत आहे आणि ती फारशी चुकीची नाही.

अर्ज घेऊन आम्ही शहरातल्या एका वजनदार सांस्कृतिक मंडळाकडे गेलो. मंडळाचे नाव सांगत नाही. अशी मंडळे प्रत्येक तालुक्याच्या गावी असतात आणि ज्याने त्याने आपापले ओळखावे. अध्यक्ष सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा दिला, अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गुरुजी, कलेला जात नसते हो. ही वेगळी चूल कशाला मांडताय? आमच्या महोत्सवात ह्यांना आम्ही बोलावतोच की!"

बोलावतात, हे खरे. प्रमुख पाहुण्यांची मोटार फाटकाशी थांबली की तिथून मंडपाच्या दारापर्यंत हे लोक नाचत जातात. पाहुणे आत शिरतात आणि खेळे बाहेर राहतात. आत मग शास्त्रीय गायन होते. खेळ्यांना बिदागी मिळते, अल्पोपाहाराचे कूपन मिळते, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत "पारंपरिक वाद्यांच्या गजरात" एवढे तीन शब्द मिळतात. त्या तीन शब्दांत संकासुराचा काळा झगा नाही, गण नाही, गौळण नाही, पेंद्या नाही, मावशी नाही. रात्रभर चालणारे नमन फाटकापासून मंडपापर्यंतच्या शंभर पावलांत बसवायचे, ही कला मात्र आमच्या खेळ्यांना नव्यानेच शिकावी लागली आहे!

बैठकीहून परतताना आमच्यातले एक वृद्ध खेळे फक्त एवढेच म्हणाले, "गुरुजी, ते समदं बरोबर. पन पेटारा ठेवायचा कुठं?" अध्यक्षांच्या वाक्यात पेटारा ठेवायला जागा नव्हती.

कलेला जात नसेल. पण आमच्या कोकणात टपालाच्या पत्त्याला आहे. कुणबीवाडी, भंडारवाडी, चर्मकारवाडी, बौद्धवाडी. २०२० च्या डिसेंबरात सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो चांगलाच झाला. परंतु पाटी बदलली म्हणून वाट विचारणाऱ्याची जीभ बदलत नाही. ज्या नाचाला आज आपण कौतुकाने लोककला म्हणतो त्याचे मुंबईतले नाव ‘बाल्या नाच’. कानात बाळी घालणारा, शेटच्या घरी भांडी घासणारा, पाणी भरणारा कोकणातला गडी तो बाल्या. नाचाला नाव दिले ते घरगड्याचे. हे नाव देणाऱ्यांनी कलेला जात नसते हे सूत्र तेव्हा कुठे गहाण ठेवले होते, कोण जाणे.

आता ‘वेगळी चूल’ ह्या आरोपाकडे वळतो. आमच्यावर तो पहिल्यांदा झालेला नाही. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांचा पहिला मेळावा भरला. १८८५ साली दुसरा भरायचा होता, तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेले. जोतीरावांनी ते नाकारले आणि कडक पत्र लिहून नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या माणसांचे हक्क नाहीत त्यांच्या सभेत बसून आम्ही काय करावे, असा त्या पत्राचा मथितार्थ. त्यांनाही तेव्हा एककल्ली म्हटले गेलेच असेल. परंतु पुढचा हिशेब पाहा. १८७८ पासून संमेलने भरत राहिली, आणि त्यांच्या अध्यक्षपदी पहिला दलित लेखक, म्हणजे शंकरराव खरात, बसले ते १९८४ साली जळगावास. मध्ये एकशे सहा वर्षे गेली. मी गणिताचा मास्तर नाही, तरी एवढी वजाबाकी मला येते. कलेला जात नसताना एकशे सहा वर्षे लागली. असती तर किती लागली असती?

त्या एकशे सहा वर्षांत जे स्वस्थ बसले नाहीत त्यांनी काय केले, तेही पाहिले पाहिजे. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. त्याचे उद्‌घाटन केले अण्णा भाऊ साठ्यांनी. शाळेत जेमतेम दीड दिवस बसलेला, गिरणीत राबलेला, अमर शेख आणि गव्हाणकर ह्यांच्यासंगे लाल बावटा कलापथकात डफ घेऊन उभा राहिलेला मांग समाजातला लेखक. त्या वेळीही विद्वानांनी कपाळाला आठ्या घालून विचारले होते की, साहित्य ते साहित्य, त्यात दलित आणि अदलित कसले? पाचच वर्षांनी, १९६३ साली, बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आले. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. आज ही पुस्तके विद्यापीठांतून लावली जातात, परदेशी भाषांत जातात, आणि मराठी वाङ्‌मयाचा विषय निघाला की ती पहिल्या रांगेत मांडून आपणच मिरवतो. त्या वेगळ्या चुलीवर शिजलेले अन्न साऱ्या मराठीने पोटभर खाल्ले. चूल कशाला मांडली, हे विचारणारेही त्या पंगतीत होते.

लेखकांची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. त्यांचे काम कागदावर राहते. नाचणाऱ्या-गाणाऱ्याचे तसे नाही. तो थांबला की कला थांबते. तमाशाचे उदाहरण घ्या. महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या माणसांनी शतकभर फड चालवले. पट्ठे बापूराव कुलकर्णी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्या लावणीला जिने गळा आणि अंग दिले त्या पवळाबाईंचे नाव किती घरांत माहीत आहे, ते आजच्या फराळाच्या वेळी आपापल्या घरी विचारून पाहावे. पुढे तमाशाची बतावणी आणि वग नाटकमंडळींनी उचलले, त्याला ‘लोकनाट्य’ असे स्वच्छ धुतलेले नाव मिळाले, आणि तो शहरातल्या बंदिस्त नाट्यगृहांत शिरला. फार उत्तम प्रयोग झाले. मी ते पाहिले नसले तरी त्यांच्या ध्वनिफिती ऐकून पोट धरून हसलो आहे. परंतु फडवाले तंबूतच राहिले. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० असा दोनदा सन्मान झाला. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल दात्यांनी वर्गणी काढून भागवले. २००६ पासून त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. विठाबाईंच्या नावाला आज जी किंमत आहे तिचा थोडा अंश विठाबाईंना मिळता तर! पदक त्यांचे होते; जिथे म्हातारपणी चार बायका शिकवीत बसता येईल असे छप्पर त्यांचे नव्हते.

छप्पर असले म्हणजे काय होते हे पाहायला फार लांब जायला नको. आमच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातच, म्हणजे १९८१ च्या १ मेला सिंधुदुर्ग वेगळा झाला त्याच्या आधीच्या जिल्ह्यात, कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तिथे ठाकर आदिवासींची वस्ती आहे. ह्या लोकांकडे चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातले एकेक आख्यान कागदांवर रंगवायचे, त्या चित्रांची पोथी करायची, आणि देवळात वीणा, टाळ नि हुडुक ह्यांच्या साथीवर एकेक चित्र पुढे धरीत कथा सांगायची. शिवाय चामड्याच्या छायाबाहुल्या, शिवाय कळसूत्री बाहुल्या. सिनेमाच्या कितीतरी आधी आमच्या कोकणात पडदा, चित्र आणि आवाज ही तिन्ही एकत्र नांदत होती. सावंतवाडीच्या भोसल्यांचा ह्या कलेला आश्रय होता. राजाश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली, आणि जुन्या पोथ्यांचे कागद संग्राहकांच्या आणि पदार्थसंग्रहालयांच्या काचांमागे जाऊन बसले. चित्रे शहरात पोचली, चित्रकथी गावात राहिला, आणि पुष्कळदा उपाशीही राहिला.

ह्या गावात परशुराम गंगावणे ह्यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. नाव दिले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. आंगण हा शब्द मला फार आवडला. ज्यांना दुसऱ्यांच्या ओसरीवर उभे राहण्याची सवय लावण्यात आली होती त्यांनी स्वतःचे आंगण सारवले. तिथे जुन्या पोथ्या आहेत, बाहुल्या आहेत, येणाऱ्याला खेळ दाखवतात, मुलांना शिकवतात. बाहुली कुठल्या धाग्याने हलते आणि ती हलवणाऱ्याचे आडनाव काय, दोन्ही एकाच ठिकाणी कळते. २०२१ साली गंगावण्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री आधी आणि गोठा मागाहून, असे झाले नाही, हे ध्यानात ठेवावे. गोठा पंधरा वर्षे आधीचा.

ह्याच ठाकरांची दुसरी एक हकीकत आहे. "कलेला जात नसते" म्हणणाऱ्यांनी ती अवश्य ऐकावी. १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत ठाकर जमात अनुसूचित होती ती नगर, कुलाबा, नाशिक, पुणे आणि ठाणे ह्या जिल्ह्यांतल्या ठरावीक तालुक्यांपुरती. रत्नागिरी जिल्हा त्यांत नव्हता. म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडला ठाकर आदिवासी आणि पिंगुळीचा ठाकर कुणीच नव्हे. दुरुस्तीने ती प्रादेशिक अट गेली. तरी पुढेही सिंधुदुर्गातल्या कितीक ठाकर कुटुंबांचे दाखले पडताळणीत अडले आणि प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली. सन्मान करताना कलेला जात नसते, आणि पोराला शिष्यवृत्ती मागताना बापाच्या जातीचा कागद पुरेसा जुना नसतो! कलावंताने ह्या दोन दारांमध्ये उभे राहून कोणते वाक्य खरे मानावे?

हजारो कोसांवरच्या लोकांचीही गोष्ट सांगतो, म्हणजे हा केवळ आमच्या कोकणी भाऊबंदकीचा प्रकार आहे असे कुणी म्हणायला नको. अमेरिकेत शिकागो शहराच्या दक्षिण भागात निग्रो म्हणून हिणवल्या जाणाऱ्या काळ्या लोकांची मोठी वस्ती. त्यांच्यातल्या चित्रकारांना शहरातली चित्रदालने सहसा भिंत देत नसत. तिथेही सभ्य माणसे कलेला रंग नसतो असेच म्हणत असणार. सभ्य माणसे सगळीकडे सारखी असतात. १९४० साली ह्या वस्तीने आपले कलाकेंद्र उभे केले. सरकारच्या त्या काळच्या रोजगार योजनेतून शिक्षकांचा पगार येणार होता. पण इमारत वस्तीने घ्यायची होती. तेव्हा मार्गारेट बरोज नावाची ऐन विशीतली मुलगी डबा घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून एकेक नाणे गोळा करू लागली. १९४१ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्यांच्या हस्ते केंद्राचा औपचारिक समारंभ झाला. मग युद्ध आले, सरकारी योजना आटोपली, पगार बंद झाला. केंद्र बंद झाले नाही. इमारत वस्तीची होती ना! तिथल्या कवितेच्या वर्गात बसणाऱ्या ग्वेंडोलिन ब्रुक्स ह्या बाईला १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. तिथल्या तळघरात गॉर्डन पार्क्स आपली छायाचित्रे धूत असे. आणि ती डबा हलवणारी मार्गारेट? ती पुढे शाळेत चित्रकलेची शिक्षिका झाली, आणि १९६१ साली तिने आपल्या राहत्या घरातच काळ्या लोकांच्या इतिहासाचे संग्रहालय काढले. शाळामास्तरांनी ह्या कामात लुडबूड करू नये असे मला सुचवणाऱ्यांनी ह्या मास्तरणीची दखल घ्यावी.

शिकागोचे घर, पिंगुळीचा गोठा, आणि आमच्या खेळ्यांनी मागितलेली खोली ह्यांत एक गोष्ट सारखी आहे. किल्ली. महोत्सवाच्या मंडपाची किल्ली दुसऱ्याच्या कडोसरीला असते. कुणाला किती मिनिटे, कुणाला पाहुण्यांपुढे, कुणाला पाहुण्यांच्या आधी, कुणाचा आवाज जरा कमी करा, कुणाची गौळण "जरा सभ्य" करा, हे किल्लीवाला ठरवतो. तो दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. आमचे अध्यक्ष तर खरोखरीच भले आहेत. पण भल्या माणसाच्या घरी पाहुणा म्हणून राहणे निराळे आणि स्वतःच्या घरी मीठ कमी पडले म्हणून कुरकुरणे निराळे. कला वाढते ती कुरकुरण्याची मोकळीक असते तिथे. नमनातला एखादा पोरगा रावण नाचताना चुकतो, म्हातारा त्याला शिवी देतो, पोरगा पुन्हा नाचतो, पुन्हा चुकतो. हे सारे पाहुण्यांच्या मोटारीपुढे होऊ शकत नाही.

"पण दर्जाचे काय?" हा दुसरा प्रश्न. आपल्याच लोकांची आपलीच संस्था झाली की कोण कुणाला नावे ठेवणार, सगळेच थोर. ज्यांनी शक्ती-तुऱ्याचा सामना ऐकला असेल ते हा प्रश्न विचारणार नाहीत. एका बाजूच्या शाहिराने सवाल टाकावा, दुसऱ्याने त्याच चालीत, पुराणाचा दाखला देऊन जबाब द्यावा, आणि तो लंगडा पडला तर सबंध वाडीने हुर्यो करावी! एवढी निर्दय परीक्षकमंडळी आमच्या एकाही साहित्यसभेला मिळालेली नाही. तिथे सगळे एकमेकांचे व्याही असल्यासारखे बोलतात. परळच्या दामोदर नाट्यगृहात, सोशल सर्व्हिस लीगच्या त्या १९२२ सालच्या वास्तूत, चाकरमान्यांनी आपली नमने आणि शक्ती-तुरे तिकीट लावून केले आणि गिरणीतून सुटलेल्या माणसाने खिशातले पैसे मोडून पाहिले. फुकट्या कौतुकावर ती कला कधीच जगली नाही. ते नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झाले, तेव्हा हळहळली ती हीच मंडळी. कारण तिथेही किल्ली दुसऱ्याचीच होती.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी टाळणार नाही. अशा संस्था जातीच्या कुंपणात अडकतात, त्यांवर पुढारी येऊन बसतो, फलकावर कलावंताच्या फोटोपेक्षा त्याचाच फोटो मोठा होतो. हे होते. माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे. नमनातली राधा अजून पुष्कळ ठिकाणी मिशी काढलेला पोरगाच असतो, आणि घरच्या मुलीने मृदंग धरला तर वाडीतच भुवया वर जातात. बौद्धवाडीचा ढोलकीवाला चालतो पण त्याच्या घरचा चहा चालत नाही, असे म्हणणारेही ह्याच खेळ्यांत मला भेटले आहेत, आणि त्यांच्याशी माझे भांडण अध्यक्षांशी आहे त्याहून कडू झाले. म्हणूनच आमच्या अर्जात तिन्ही वाड्यांची माणसे एका कागदावर आहेत आणि कार्यकारिणीत दोन बायका हव्यात हे कलम पहिल्या पानावर आहे. ते कलम घालताना दोन बैठका मोडल्या. तिसऱ्या बैठकीला सह्या झाल्या. हे भांडण त्यांचे त्यांनी करायचे असते; तेवढ्यासाठी का होईना, बसायला स्वतःची जागा लागते. ज्यांच्या मंडळावर वर्षानुवर्षे एकाच आळीतली आडनावे फिरतात त्यांनी मात्र दुसऱ्याच्या कुंपणाकडे बोट दाखवताना जरा सावकाश दाखवावे.

ह्या शहरात १९३१ साली भागोजीशेट कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उभे राहिले आणि सर्व जातींना त्याचे दार उघडे झाले. त्याचा आम्हां रत्नागिरीकरांना अभिमान आहे आणि पाहुणा आला की आम्ही त्याला तिकडे घेऊन जातो. अभिमान असावा. परंतु दार उघडून नव्वदांवर वर्षे लोटली, एवढ्या काळात गाभाऱ्यापर्यंत पोचलेली माणसे व्यासपीठापर्यंत का पोचली नाहीत, हा प्रश्न विचारला की लगेच तुम्ही फूट पाडता असे म्हणायचे, हे काही त्या अभिमानाला शोभत नाही.

सरकार काहीच करीत नाही असेही म्हणवत नाही. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासून आहे, आणि २०२४ साली ते महिना पाच हजार झाले. पण अर्जासोबत कलेचे पुरावे जोडा म्हणतात : कात्रणे, प्रमाणपत्रे, कार्यक्रमपत्रिका. ज्या खेळ्याचे नाव बातमीत "पारंपरिक वाद्यांच्या गजरात" एवढेच आले त्याने कात्रण कुठून आणावे? गजराला नाव नसते. संस्था असती तर तिच्या वहीत नाव असते, तारीख असती, गाव असते, कोणी मृदंग धरला आणि कोणी संकासुर केला ते असते. माझ्या मते खोलीइतकीच ती वही महत्त्वाची आहे, आणि ती मी सुरूही केली आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. आजवर एकेचाळीस नावे झाली. त्यांतली सहा माणसे हयात नाहीत, त्यांची नावे त्यांच्या मुलांनी सांगितली.

खोलीची चौकशीही केली आहे. बाजारापासून लांब, पण एस.टी. थांब्याजवळ, जांभ्या दगडाची एक बंद पडलेली वखार आहे. कौले बदलावी लागतील, वाळवीचा बंदोबस्त करावा लागेल, मुखवट्यांना ओल लागू नये म्हणून एका भिंतीला फळ्या माराव्या लागतील. मालक मुंबईला असतो. गणपतीत आला तेव्हा त्याने जाखडी पाहिली आणि पहिल्या वर्षी निम्मे भाडे घेईन म्हणाला. उरलेले निम्मे आणि कौलांचा खर्च आम्ही वाडीवाडीतून जमवतो आहोत. अध्यक्षांकडे मी पुन्हा जाणार आहे, ह्या वेळी पावतीपुस्तक घेऊन. शिमग्याच्या आत पेटारा तिथे हलवायचा आहे.